अ‍ॅम्बॅसिडर १४८९ सीसी: कोणता कॅम घालावा, टायमिंग कुठे लावावं?

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी अ‍ॅम्बॅसिडर मार्क ४ आहे, पेट्रोल, १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन. वडिलांची गाडी, आता मी वापरतो. सातारा-पुणे नेहमीचं, अधूनमधून कोकण, कधी महाबळेश्वर. दोन वर्षांपासून तेल खात होती आणि टॅपेट कितीही सेट केले तरी एक टकटक जात नव्हती, म्हणून इंजिन उतरवलं. बोअर आणि क्रँकचं काम तर ठरलेलंच आहे. प्रश्न कॅमचा आहे, म्हणजे ज्याचे उंचवटे (लोब) टॅपेट उचलून व्हॉल्व्ह उघडतात त्या दांड्याचा. दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा लोब झिजून बोथट झालाय आणि त्याच्यावरच्या टॅपेटच्या तोंडाला खड्डा पडलाय.

ज्यांच्याकडे काम दिलंय ते म्हणतात, "कॅम पुन्हा ग्राइंड करायचाच आहे तर जरा गरम करून देतो, गाडी उडेल." त्यांनी ३०० डिग्रीच्या आसपासचा (क्रँकच्या तेवढ्या अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा) कॅम सुचवला. मला गाडी शर्यतीत पळवायची नाही. खंबाटकीत चार माणसं आणि सामान घेऊन तिसऱ्यावर चढली पाहिजे, बस्स. पण इंजिन एवढं उघडलंच आहे तर थोडी सुधारणा होत असेल तर हवी आहे. आणि कॅम बदलला की इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) मॅन्युअलप्रमाणेच ठेवायचं की बदलायचं, हेही सांगा.

माणदेशी

कंपनीने दिलाय तसाच कॅम घाला. ही गाडी ताकदीसाठी नाही, टिकण्यासाठी बनवली होती. टायमिंगचं म्हणाल तर डेल्को (ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) कानाने लावायचा. चौथ्या गिअरला चाळीसच्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. पिंगायला (ठिणगी फार लवकर पडून खडखडायला) लागली की डेल्को केसभर मागे घ्या आणि बोल्ट आवळून टाका. आमच्याकडे सगळ्यांनी आयुष्यभर असंच केलं.

मापात_बसवा

३०० डिग्री या इंजिनात अजिबात नको. का, ते आकड्यांत सांगतो, कारण "गरम कॅम" या शब्दाने बऱ्याच चांगल्या गाड्या बिघडवल्यात.

कॅमच्या चार वेळा असतात: इनटेक उघडणं, इनटेक मिटणं, एक्झॉस्ट उघडणं, एक्झॉस्ट मिटणं. चारांतली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे इनटेक कधी मिटतो ती. पिस्टन तळाला जाऊन वर यायला लागला तरी इनटेक थोडा वेळ उघडाच असतो. वेगात हवेचा जोर असल्यामुळे ती आत येतच राहते, म्हणून तिथे फायदा होतो. पण कमी आरपीएमला तोच पिस्टन आत आलेलं मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे ढकलतो. खऱ्या अर्थाने दाबायला सुरुवात होते ती इनटेक मिटल्यावर.

तुमच्या इंजिनाचा स्ट्रोक ८८.९ मिमी, कनेक्टिंग रॉड ६.५ इंच. मूळ सिंगल कार्ब्युरेटरच्या बी-सीरिजचा (तुमच्या बीएमसी इंजिनाचं घराणं) कॅम वरच्याच चार वेळांच्या क्रमाने साधारण ५-४५-४०-१० अंश असा आहे, म्हणजे इनटेक तळानंतर ४५ अंशांवर मिटतो. तेव्हा दाबायला जवळपास ७९ मिमी स्ट्रोक उरतो. एमजीए १५०० या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये हेच १४८९ सीसीचं इंजिन होतं, त्याचा कॅम १६-५६-५१-२१. इनटेक ५६ अंशांवर मिटतो, उरतो ७३ मिमी. तुम्हाला सुचवलेल्या कॅमचा इनटेक ७० अंशांच्या आसपास मिटणार, तेव्हा हातात ६५ मिमीच.

कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ७.२ धरलं तर प्रत्यक्ष दाब घेणारं प्रमाण मूळ कॅमला ६.५, एमजीएच्या कॅमला ६.१ आणि त्या गरम कॅमला ५.५ होतं. खंबाटकीत तिसऱ्यावर दीड-दोन हजार आरपीएमला गाडी खेचणार ती याच आकड्यावर. ५.५ वर दुसरा टाकावाच लागेल. वर पाच हजारांपुढे जो फायदा होईल तो घ्यायला या गाडीचा क्रँक, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट तयार नाहीत.

एमजीएवाल्यांनी कॅम बदलला तेव्हा कॉम्प्रेशनही ८.३ केलं होतं, कार्ब्युरेटरही दोन लावले होते. नुसता कॅम उचलून इकडे बसवला तर अर्धवट काम होतं.

बर्मिंगहॅमकर

मी इंग्लंडात राहतो आणि माझ्याकडे एमजीबी आहे, म्हणजे तुमच्या इंजिनाचा थोरला भाऊ: स्ट्रोक तोच ८८.९, बोअर वाढवून १७९८ सीसी. इथे या इंजिनासाठी कॅमचे डझनावारी प्रकार मिळतात आणि क्लबातले लोक त्यावर तासन्‌तास बोलतात, म्हणून लिहितोय.

मापात_बसवा यांच्या आकड्यांना माझा दुजोरा. एमजीबीलाही कारखान्याने तोच १६-५६-५१-२१ कॅम दिला होता. १८०० सीसीला तो अगदी गुळगुळीत चालतो, पण तोच १५०० सीसीत एक पायरी तिखट वाटतो, कारण प्रत्येक सिलिंडर लहान आहे. कॅमचे अंश इंजिनाच्या आकाराशी तोलून बघायचे असतात, हे कॅटलॉग वाचताना विसरायला होतं.

दुसरी गोष्ट हेडची. बी-सीरिजच्या हेडला चार सिलिंडरना इनटेकची दोनच भोकं आहेत. एक-दोन मिळून एक, तीन-चार मिळून एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे एकाच भोकातून आधी एक सिलिंडर ओढतो आणि पाठोपाठ शेजारचा, मग मोठी विश्रांती. कॅम लांब केला की दोन शेजारी सिलिंडरचे इनटेक एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात आणि एक दुसऱ्याच्या ताटातलं ओढतो. मिश्रण सारखं वाटलं जात नाही, आयडलिंग अडखळतं. चार स्वतंत्र भोकांच्या इंजिनाला जो कॅम चालतो तो या हेडला चालेलच असं नाही.

कॅम विलायतेतून मागवायचा विचार असेल तर एक तपासा. तुमचा पेट्रोल पंप कॅमवर चालणारा मेकॅनिकल असेल तर नव्या कॅमवर पंपाचा एक्सेंट्रिक हवा. एमजीबीला इलेक्ट्रिक पंप असतो.

उद्यमनगर_फिटर

घाटवाट दादा, कोल्हापुरात मशीन शॉपवर उभ्या आयुष्याची नोकरी झाली, म्हणून ग्राइंडिंगचं सांगतो.

झिजलेला कॅम पुन्हा ग्राइंड करतात म्हणजे लोबवर धातू चढत नाही. खालचं गोल, ज्याला बेस सर्कल म्हणतात, ते लहान करतात आणि टोक त्या मानाने उंच उरतं. त्यामुळे टॅपेट खाली बसतो आणि रॉकरचा अ‍ॅडजस्टर तेवढा जास्त बाहेर काढावा लागतो. थोडंफार चालतं. पण कॅमचा वरचा कठीण थर ठराविक जाडीचाच असतो. तो ओलांडून दगड आत गेला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत लोब पुन्हा बोथट. तुमचा लोब आधीच बसलाय, त्यावरून ३०० डिग्री काढायचा तर खूप माल जाणार. माझं ऐकाल तर तो कॅम बाजूला ठेवा, नवा किंवा न झिजलेला जुना शोधा.

कॅम बदलाल तेव्हा आठही टॅपेट नवे. जुना टॅपेट नव्या कॅमवर घालणं म्हणजे नवा कॅम फुकट घालवणं. नवे टॅपेट हातात आले की दोन टॅपेट तोंडाला तोंड लावून उजेडापुढे धरा. मध्ये टेकलेले आणि कडेला सगळीकडून केसासारखी फट दिसली पाहिजे. तोंडाला अगदी किंचित फुगवटा असतो तो असा कळतो. त्या फुगवट्यामुळेच टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. सपाट दिसला तर परत द्या. मग ब्लॉकमध्ये प्रत्येक टॅपेट तेल लावून सोडा. स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे आणि दोन बोटांनी गरगर फिरला पाहिजे. तुमचा खड्डा पडलेला टॅपेट त्या भोकात अडकत असणार, बघा तपासून.

या इंजिनात बाजूची झाकणं काढून टॅपेट काढता येतात, ही मोठी सोय. पण कॅम पुढून ओढायच्या आधी डेल्कोची ड्राइव्ह काढावी लागते, आणि खालचं ऑइल चेंबर उतरवून ऑइल पंपाचा दांडाही. ते न काढता ओढाओढ केली तर बुश जातात.

घाटवाट (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. फिटर काका, तुमचं अगदी खरं निघालं. त्या भोकात टॅपेट एका जागी अडत होता. भोक साफ करून घेतलं, आता नवा टॅपेट अलगद उतरतो.

३०० चा विषय मी बंद केला. आता दोनच पर्याय: मूळ कॅम, किंवा एमजीएवाला २५२ डिग्रीचा. २५२ घ्यायचा तर हेड किती प्लेन (तळ घासून कमी) करावं लागेल? आणि इंजिन उतरवण्यापूर्वी एक मोजलं होतं: डिग्रीचं चाक लावून पहिल्या सिलिंडरचा इनटेक पूर्ण कधी उघडतो ते पाहिलं, तर टीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेनंतर) ११५ अंश आलं. हे बरोबर आहे का?

मापात_बसवा

डिग्रीचं चाक लावलंत याबद्दल अभिनंदन, फार थोडे लोक एवढं करतात.

११० यायला हवं होतं. हिशोब सोपा आहे: मूळ कॅमचा इनटेक २३० अंश उघडा असतो, त्याचे निम्मे ११५, त्यातून टीडीसीआधी उघडल्याचे ५ वजा केले की ११०. एमजीएच्या कॅमचंही तेच येतं, २५२ चे निम्मे १२६ वजा १६. म्हणजे तुमचा कॅम ५ अंश मागे चालत होता. चेन ढिली झाली असणार. तुमचा इनटेक ४५ ऐवजी ५० वर मिटत होता, म्हणजे खालचा दम नकळत गेला होता. गंमत अशी की हे टायमिंग लाइटवर कधीच दिसत नाही. डेल्कोही कॅमवरच फिरतो, त्यामुळे तोही मागे पडतो, पण आपण पुलीच्या खुणेवर तो परत बरोबर लावून घेतो. इग्निशन जागेवर येतं, व्हॉल्व्ह मागेच राहतात. घाटात जुन्या गाड्या मरतात त्यातल्या निम्म्या तरी अशा चेनच्या असाव्यात असं माझं मत आहे.

टीडीसी मात्र डोळ्याने ठरवू नका. प्लगच्या जागी स्टॉपर लावा, एका बाजूने पिस्टन टेकेपर्यंत फिरवून आकडा घ्या, मग उलट बाजूने. दोन्हींचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याचंही असंच: टोकाला डायल बराच वेळ हलतच नाही, म्हणून टोकाच्या आधी आणि नंतर सारख्याच लिफ्टला दोन आकडे घेऊन मध्य काढा. नवी चेन, नवे दात घालूनही दोन-तीन अंशांचा फरक उरला तर ऑफसेट चावीने काढता येतो.

आता हेडचं. एका सिलिंडरचे ३७२ सीसी. ७.२ ला वर उरलेली जागा ६० सीसी. २५२ च्या कॅमला मूळ कॅमइतकाच प्रत्यक्ष दाब हवा असेल तर कॉम्प्रेशन ७.७ लागेल, म्हणजे जागा ५५.६ सीसी. सिलिंडरमागे साडेचार सीसी कमी करायचे. अमुक इतके थाउ (इंचाचे हजारावे भाग) प्लेन करा असं मी सांगणार नाही. जुनी हेडं आधीच कुणी ना कुणी प्लेन केलेली असतात. ब्युरेटने (खुणांच्या मापनळीने) हेडमधलं चेंबर मोजा, मग ठरवा. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतरही चिकणमाती ठेवून एकदा तपासा.

माझं प्रामाणिक मत: तुमच्या वापराला मूळ कॅम, बरोबर ११० वर बसवलेला, आणि कॉम्प्रेशन ७.६-७.७. आजच्या पेट्रोलला ते आरामात झेपतं. २५२ घालणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही, पण तुमचा एकच कार्ब्युरेटर राहणार असेल तर त्याचा फायदा तुम्हाला चार हजारांच्या वर दिसेल, आणि अ‍ॅम्बॅसिडर तिथे कोण नेतं?

माणदेशी

मूळ कॅमवर आलात, छान. पण टायमिंग कानाने लावण्याला काय हरकत?

मापात_बसवा

माणदेशी साहेब, ती पद्धत चुकीची नव्हती. पेट्रोल बदललं. त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर पिंगणं लवकर यायचं, त्यामुळे कानाला सीमा सापडायची. आज साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं, ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं) तर ९५ चं. कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात तुम्ही डेल्को पुढे पुढे नेत राहता, चाळीसच्या वेगात पिंगतच नाही, आणि एकूण अ‍ॅडव्हान्स (टीडीसीच्या किती अंश आधी ठिणगी पडते तो आकडा) ४० च्या वर गेलेला असतो. मग एक्सप्रेसवेवर ऐंशीला जे पिंगतं ते वाऱ्याच्या आवाजात ऐकूच येत नाही. शिवाय पिंगत नाही म्हणजे बरोबर आहे असंही नाही. सगळ्यात जास्त ताकद पिंगण्याच्या आधीच मिळून गेलेली असते.

क्रम असा ठेवा. आधी टॅपेट. आठ व्हॉल्व्ह आहेत, नऊचा नियम वापरा: आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करा, सातवा दाबलेला असताना दुसरा. मग सीबी पॉइंटचा (डेल्कोतला स्विच, तो उघडला की ठिणगी पडते) गॅप. हा टायमिंगच्या आधीच, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. डेल्कोचा दांडा हलवून पाहा. बुश झिजून दांडा डगडगत असेल तर प्रत्येक सिलिंडरला वेगळं टायमिंग मिळतं आणि पुढचं सगळं व्यर्थ.

मग स्टॅटिक, म्हणजे बंद इंजिनावरचं टायमिंग. बारा व्होल्टचा बल्ब घ्या, एक टोक डेल्कोच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. इग्निशन चालू करून पुली हाताने पुढच्या दिशेने फिरवा. पॉइंट उघडतो त्या क्षणी बल्ब लागतो. या इंजिनात टायमिंग कव्हरला खाली तीन काटे आहेत, लांबडा टीडीसी, बाकीचे ५ आणि १० अंश. रोटर फिरतो त्याच्या उलट बॉडी फिरवली की टायमिंग पुढे जातं.

खरं काम इथून पुढे. मिश्रण जळायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही, पण आरपीएम वाढले की तेवढ्याच वेळात क्रँक जास्त अंश फिरतो. म्हणून डेल्कोच्या पोटातली वजनं स्प्रिंग ताणून ठिणगी आधी पाडतात. अशा जुन्या चेंबरच्या इंजिनाला साडेतीन हजारांच्या आसपास एकूण ३० ते ३४ अंश लागतात, व्हॅक्यूमची नळी काढून मोजलेले. मी ३२ वर सुरुवात करतो. पुलीवर ३२ ची खूण करा: परीघ ३६० ने भागून ३२ ने गुणा. परीघ ४२० मिमी असेल तर टीडीसीच्या खाचेपासून ३७ मिमीवर. टायमिंग लाइट लावा, आरपीएम वाढवा, खूण पुढे सरकायची थांबली की ती ३२ वर आणा. आयडलिंगला जे येईल ते येऊ द्या. स्टॅटिक ८ ते १२ मध्ये आलं तर डेल्को निरोगी आहे. ३ आलं तर वजनं जास्त उघडतायत. डेल्कोच्या आत प्लेटवर कोरलेला आकडा डेल्कोच्या अंशांत असतो, क्रँकचे त्याच्या दुप्पट.

आणि व्हॅक्यूमची नळी शेवटी परत लावा! हलक्या पायाने चालवताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, हळू जळतं, त्याला आणखी आधी ठिणगी लागते. अ‍ॅव्हरेज तिथे मिळतं. नळी तोंडाने ओढा. आतली प्लेट हलली पाहिजे आणि जिभेने नळी दाबून धरली तर जागेवर राहिली पाहिजे. बऱ्याच गाड्यांत पडदा फाटलेला असतो.

लांब कॅम घेणाऱ्यांसाठी: ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही उघडे असण्याचा काळ) वाढला की आयडलिंगला जळका वायू आत राहतो, मिश्रण आळशी होतं, स्टॅटिक जास्त लागतं. पण एकूण तेच ३२-३४. मधला फरक वजनांचा प्रवास कमी करून काढायचा, नुसता डेल्को पुढे ढकलून नाही. मूळ कॅमचा ओव्हरलॅप १५ अंश, २५२ चा ३७, यावरून अंदाज येईल. पीयूसीलाही हाच ओव्हरलॅप आड येतो. जुन्या पेट्रोल गाड्यांना ३ टक्के सीओ आणि १५०० पीपीएम हायड्रोकार्बन चालतात, लांब कॅमची गाडी आयडलिंगला हा दुसरा आकडा सहज ओलांडते.

बर्मिंगहॅमकर

ई-२० बद्दल एक भर. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२० ला सुमारे १३.५. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने ओततो, म्हणजे गाडी सुकी (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते. सुकं मिश्रण हळू जळतं, तापतं, आणि माणूस टायमिंगला दोष देत बसतो. कार्ब्युरेटर एसयू कंपनीचा असेल तर आधी जेटचा नट दोन-तीन खाचा खाली घेऊन प्लगचा रंग बघा. रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही इथेनॉल सोसणारे घाला.

उद्यमनगर_फिटर

सुरू करतानाचं राहिलं. नव्या कॅमचं नशीब पहिल्या वीस मिनिटांत ठरतं. लोबवर आणि टॅपेटच्या तोंडावर मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. तेल २०-५० मिनरल, झिंक असलेलं. पातळ नव्या तेलांत फॉस्फरस ८०० पीपीएमच्या वर जाऊ देत नाहीत, अशा घासून चालणाऱ्या टॅपेटला ते कमी पडतं. स्टॅटिक टायमिंग बल्बने पक्कं करून ठेवा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरून ठेवा, म्हणजे पहिल्या सेल्फला गाडी पकडेल. सेल्फवर नुसती गरगर फिरवत बसलात तर पेस्ट पुसली जाते. लागली की लगेच दोन हजार आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं खाली आणू नका, कारण टॅपेटला तेल उडून मिळतं आणि आयडलिंगला ते उडत नाही. पाणी-तेलावर नजर ठेवायला दुसरा माणूस उभा करा. सीट वाचवणारं शिसं देशभरातल्या पेट्रोलमधून २००० सालीच गेलं, तेव्हा हेड उघडं आहे तोवर एक्झॉस्टच्या कडक सीटही घालून घ्या.

घाटवाट (धागाकर्ता)

मंडळी, इंजिन बसलं. मूळ मापाचा न वापरलेला कॅम मिळाला, आठ नवे टॅपेट, नवी चेन. डिग्रीच्या चाकावर १११ आलं, तसंच ठेवलं. चेंबर मोजून हेड प्लेन केलं, कॉम्प्रेशन ७.६. काकांनी सांगितलं तसं पहिल्या सेल्फला लागली आणि वीस मिनिटं दोन हजारांवर ठेवली. टकटक पूर्ण गेली.

एकूण ३२ लावल्यावर स्टॅटिक १० आलं. व्हॅक्यूमचा पडदा फाटलेलाच होता, ओढून धरला तर लगेच सुटत होता. बदलला. व्हॅक्यूम गेज आयडलिंगला साडेसतरा इंच दाखवतो, काटा स्थिर.

काल पाच माणसं घेऊन खंबाटकी चढलो. तिसऱ्यावर, पूर्ण चढ, न पिंगता. फक्त वरच्या वळणाला पाय हलका केल्यावर क्षणभर बारीक खडखड येते. जोर दिला की नाही येत. हे काय असावं?

मापात_बसवा

साडेसतरा साताऱ्याच्या उंचीला उत्तम आहे. समुद्रकाठचा आकडा दर हजार फुटांना एक इंचाने उतरतो.

हलक्या पायाला येते, जोराला नाही, म्हणजे वजनांचं टायमिंग बरोबर आहे आणि नवा व्हॅक्यूम युनिट जास्त ओढतोय. एकूण ३२ ला हात लावू नका. नळी काढून बोल्टने बंद करा आणि त्याच वळणाला जाऊन या. खडखड गेली तर कमी प्रवासाचा युनिट लावा. गेली नाही तर मिश्रण सुकं आहे, जेट एक खाच खाली.

उद्यमनगर_फिटर

आणि दादा, पाचशे किलोमीटर झाले की गार इंजिनावर हेडचे नट परत टॉर्कने आवळा, त्यानंतर टॅपेट. हेड बसलं की टॅपेटचा गॅप बदलतो. पॉइंटचा टाचेचा भागही तेवढ्यात घासून गॅप कमी झालेला असेल, तोही बघा. चारही प्लगचे फोटो टाका, एक-दोन आणि तीन-चारचा रंग सारखा आहे का ते बघू.